अमेरिकेत एम.एस. करताना कोर्स ड्रॉप करण्याआधी : पूर्णवेळ नोंदणीचे नियम, अनुभव आणि प्रश्न

मृण्मयी_स
११ ऑक्टोबर

नमस्कार. इथल्या बऱ्याच जणांची मुलं, भाचे-पुतणे यंदा ऑगस्टमध्ये अमेरिकेत एम.एस.साठी गेले आहेत. काही सभासद स्वतःच विद्यार्थी आहेत. हा धागा ऑक्टोबरमध्ये काढतेय कारण पहिल्या मिडटर्मचे मार्क याच दिवसांत हातात येतात आणि 'डब्ल्यू' शेरा घेऊन कोर्स सोडायची शेवटची तारीखही याच सुमाराला असते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की मुलं घाबरतात.

दोन वर्षांपूर्वी याच आठवड्यात माझ्या रूममेटने रात्री दीड वाजता एक कोर्स ड्रॉप केला. ती साताऱ्याकडची, बी.ई.ला कॉलेजात दुसरी आलेली. तीन कोर्स घेतले होते, नऊ क्रेडिट, म्हणजे तिच्या विद्यापीठात विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा पूर्ण अभ्यासभार. अल्गोरिदम्सच्या मिडटर्मला तिला शंभरपैकी एकतीस मिळाले. ग्रेडची सरासरी (जीपीए) ३.० च्या खाली गेली तर काय, या एका विचारावर तिने चार रात्री काढल्या होत्या. पोर्टलने फक्त 'नक्की ड्रॉप करायचा का?' एवढं विचारलं. ती हो म्हणाली आणि तिचे सहा क्रेडिट उरले. व्हिसाबद्दल स्क्रीनवर एक ओळही आली नाही. सकाळी मला म्हणाली, "सुटले गं."

तीन आठवड्यांनी इंटरनॅशनल ऑफिसची मेल आली. परवानगी न घेता पूर्ण अभ्यासभाराच्या खाली गेल्यामुळे तिची सेव्हिसमधली नोंद संपवण्यात आली होती. सेव्हिस ही परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी संगणकीय नोंद. २००३ पासून प्रत्येक एफ-१ (विद्यार्थी व्हिसावरच्या) विद्यार्थ्याची माहिती तिच्यात असते. नोंद संपली म्हणजे आय-२०, म्हणजे व्हिसासाठीचा विद्यापीठाचा दाखला, संपली. कँटीनमधली आठवड्याला अठरा तासांची नोकरी त्याच दिवशी बंद. अशा वेळी देश सोडायला साठ दिवसांची सवलत वगैरे काही नसते.

तिच्याबरोबर त्या ऑफिसात मी पाच-सहा वेळा गेले. तिथे बसून मूळ नियम वाचला तेव्हा मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते हे : तिला जे हवं होतं ते नियमात आधीपासून होतं. अभ्यासभार कमी करायची अधिकृत सोय आहे, तिला आरसीएल म्हणतात. शैक्षणिक अडचणीसाठी ती मिळते, आणि नियमात लिहिलेल्या अडचणींपैकी एक शब्दशः अशी आहे की विद्यार्थ्याला अमेरिकन शिकवण्याच्या पद्धतीची सवय नाही. इंग्रजीची सुरुवातीची अडचण, वाचनाचा भार न पेलणं, चुकीच्या पातळीचा कोर्स पदरात पडणं, ही बाकीची कारणं. पहिल्या सेमिस्टरला आपल्याकडच्या कितीतरी मुलांची स्थिती हीच असते. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनी आपल्या मुलांची अडचण गृहीत धरली होती. फक्त कोर्स सोडायच्या आधी डीएसओची, म्हणजे कॉलेजातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याची, मंजुरी सेव्हिसमध्ये चढलेली हवी. तिने तीच विनंती दोन दिवस आधी केली असती तर सहा क्रेडिटवर ती पूर्ण कायदेशीर राहिली असती.

पुढे तिने आय-५३९ हा अर्ज भरून विद्यार्थी म्हणून कायदेशीर दर्जा परत मागितला. तो पाच महिन्यांच्या आत करावा लागतो. दर्जा मिळाला, पण निकाल लागेपर्यंत एक तासही काम करता आलं नाही आणि उन्हाळ्याची ठरलेली इंटर्नशिप गेली. घरी तिने चार महिने काहीच सांगितलं नव्हतं.

ती हे लिहायला हो म्हणाली म्हणून लिहितेय. तुमचे अनुभव टाका. कुणी आत्ता याच पेचात असेल तर कृपया इथे विचारा, नाव सांगायची गरज नाही.

---

खडकवासलेकर
११ ऑक्टोबर

मृण्मयीताई, वेळेवर धागा काढलात. आमची कन्या ऑगस्टमध्ये गेली. मला एक कळत नाही. नऊ क्रेडिट म्हणजे तीनच विषय ना? इथे माझा पुतण्या एम.एस्सी. करतोय, त्याला एका सत्राला २२ क्रेडिट आहेत. तिकडे तीन विषय घेऊन मुलं रडकुंडीला का येतात? हिणवत नाही, खरंच समजून घ्यायचंय. फोनवर ती "खूप काम आहे" म्हणते आणि माझ्या तोंडून "तीनच तर विषय आहेत" निघून जातं.

---

नचिकेत_मॅडिसन
१२ ऑक्टोबर

काका, हा प्रश्न माझ्या आईनेही विचारला होता. क्रेडिट हा शब्द एक असला तरी त्यामागचे तास वेगळे आहेत. महाराष्ट्रातल्या नव्या पदव्युत्तर आराखड्यात सत्राला २२, दोन वर्षांत ८८ क्रेडिट आहेत. एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात थिअरीचे १५ तास किंवा प्रॅक्टिकलचे ३०. हे तास बहुतेक वर्गात किंवा लॅबमध्ये जातात. अमेरिकेच्या हिशोबात एक क्रेडिट म्हणजे साधारण पंधरा आठवडे दर आठवड्याला वर्गातला एक तास आणि वर्गाबाहेरचे निदान दोन तास. नऊ क्रेडिटचे आठवड्याला सत्तावीस तास झाले, आणि हा फक्त कागदावरचा किमान आकडा. प्रोग्रॅमिंगची एक असाइनमेंट वीस तास खाते. त्यात कॅम्पसवरची वीस तासांची नोकरी, स्वयंपाक, बस. शिवाय मार्क सेमिस्टरभर थोडे थोडे पडत असतात, शेवटच्या पंधरा दिवसांत अभ्यास करून भरून काढता येत नाहीत. आपल्या मुलांना पहिला धक्का याचाच बसतो.

आता मूळ विषयाबद्दल. 'पदव्युत्तरसाठी नऊ क्रेडिट' हा सरकारी आकडा आहे असं बरेच जण समजतात. तसं नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी १२ क्रेडिट नियमात लिहिलेले आहेत, पदव्युत्तरसाठी मात्र पूर्णवेळ कशाला म्हणायचं हे विद्यापीठ ठरवतं. टेक्सास-ऑस्टिनला ९, आमच्या विस्कॉन्सिन-मॅडिसनला ८, इलिनॉयच्या अर्बाना-शॅम्पेनला १२ (असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्याची किंवा संशोधनाची सहायक नोकरी, असेल तर ८), सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात क्वार्टरला, म्हणजे तिमाही सत्राला, १०. म्हणून मित्राने दुसऱ्या विद्यापीठातून दिलेला सल्ला आपल्याला लागू पडेलच असं नाही. माझ्या ओळखीचा एक जण इलिनॉयला ८ क्रेडिट घेऊन निवांत होता, कारण त्याचा मित्र इकडे आठावर होता. मित्राचं बरोबर होतं, याचं नव्हतं. सुदैवाने पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं.

पीएच.डी.ला तर आणखी वेगळं. आमच्याकडे सगळ्या परीक्षा संपून प्रबंधाचा टप्पा आला की तीन क्रेडिटलाच पूर्णवेळ मानतात. काही ठिकाणी एक क्रेडिटसुद्धा पुरतं. पण ते विद्यापीठाने तसं ठरवलेलं असतं म्हणून. आपण आपलं ठरवून नाही.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. एकाच विद्यार्थ्याच्या डोक्यावर तीन 'पूर्णवेळ' असतात. एक व्हिसाचं. दुसरं विभागाचं, म्हणजे टीए-आरए (याच सहायक नोकऱ्या) चालू राहायला ग्रॅज्युएट स्कूल किती क्रेडिट मागतं ते. तिसरं कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा शिष्यवृत्तीचं. डीएसओने आरसीएल दिली म्हणजे पहिलं सुटलं. ट्यूशन वेव्हरचं, म्हणजे फी माफीचं, काय, हे विभागाला वेगळं विचारावं लागतं. ही उत्तरं एकाच खिडकीवर मिळत नाहीत.

---

खडकवासलेकर
१२ ऑक्टोबर

नचिकेत, फार उपकार झाले. आजच्या फोनवर "तीनच विषय" म्हणणार नाही.

---

सह्यभ्रमर
१२ ऑक्टोबर

माहिती चांगली आहे, पण इतकं घाबरवू नये असं वाटतं. माझ्या मावसभावाने दुसऱ्या सेमला एक कोर्स सरळ ड्रॉप केला, कुणालाही विचारलं नाही, काही झालं नाही. आज नोकरी करतोय. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही.

---

मृण्मयी_स
१२ ऑक्टोबर

सह्यभ्रमर, तुमच्या भावाचे त्या सेमला एकूण किती क्रेडिट होते तेवढं विचाराल का? बारा घेतले असतील आणि तीन सोडले असतील तर नऊ उरले. मग विचारायचा प्रश्नच नव्हता. सोडणं गुन्हा नाही, किमान आकड्याच्या खाली जाणं ही अडचण आहे.

---

सह्यभ्रमर
१३ ऑक्टोबर

विचारलं. चार कोर्स होते, त्यातला एक सोडला. तुमचं बरोबर आहे. माझा वरचा प्रतिसाद वाचून कुणी निर्धास्त राहू नये म्हणून मुद्दाम लिहितोय.

---

रेवा२३
१३ ऑक्टोबर, पहाटे

नवीन आयडी काढून लिहितेय. माझी पहिलीच सेम आहे. तीन कोर्स, नऊ क्रेडिट. त्यातला एक मशीन लर्निंगचा पुढचा कोर्स आहे. सीनियर म्हणाले की रेझ्युमेवर चांगला दिसतो म्हणून घेतला. त्याआधी संभाव्यताशास्त्राचा एक कोर्स व्हायला हवा होता, तो माझा झालेला नाही. नोंदणी करताना सिस्टिमने अडवलं नाही. मिडटर्मला २८ मिळाले. प्रोफेसर काय बोलतात ते पहिल्या वीस मिनिटांनंतर कळेनासं होतं. डब्ल्यूची शेवटची तारीख शुक्रवार, २४ ऑक्टोबर. काल रात्री मी ड्रॉपच्या पानावर होते, हा धागा कुणीतरी आमच्या मराठी ग्रुपवर टाकला म्हणून थांबले.

माझे प्रश्न : डीएसओकडे गेले तर माझ्या नावावर काही वाईट नोंद होईल का? पुढे ओपीटीला, म्हणजे पदवीनंतरच्या कामाच्या परवानगीला, अडचण येईल का? आणि प्रोफेसरांना सांगावं लागतं का? मला त्यांच्यासमोर जायची लाज वाटते. घरी माहीत नाही.

---

मृण्मयी_स
१३ ऑक्टोबर

रेवा, थांबलीस हे फार चांगलं केलंस. हातात अकरा दिवस आहेत, पुरेसे आहेत.

वाईट नोंद होत नाही. आरसीएल ही परवानगी आहे, ठपका नाही. डीएसओ सेव्हिसमध्ये चढवतो, बहुतेक ठिकाणी नवी आय-२० देतात, तिच्यावर कमी अभ्यासभाराचा उल्लेख असतो. तेवढ्यावरून ओपीटी अडत नाही. ओपीटीच्या आड परवानगीशिवाय खाली जाणं येतं, आणि बारा महिने किंवा त्याहून जास्त पूर्णवेळ सीपीटी (शिकत असतानाचं अभ्यासक्रमाशी निगडित काम) करणं येतं. हा दुसरा मुद्दा वेगळा आहे, पण लक्षात ठेव.

तुझी केस तुला वाटते त्यापेक्षा स्पष्ट आहे. आधीचा कोर्स झालेला नसताना पुढचा मिळाला, हीच ती 'चुकीच्या पातळीचा कोर्स' नावाची अडचण. "मार्क कमी पडतील म्हणून" हे कारण मात्र चालत नाही. म्हणून डीएसओला भेटशील तेव्हा मार्कांपासून सुरुवात करू नकोस. अमुक कोर्स आधी व्हायला हवा होता, तो झालेला नाही, हे आधी सांग.

पहिल्यांदा तुझ्या अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायझरची वेळ घे. सहसा फॉर्मवर त्यांची शिफारस आणि सही लागते. अ‍ॅडव्हायझर बाहेरगावी असतात, मेलला चार दिवस उत्तर देत नाहीत, त्यामुळे हे उद्याच. सहीचा फॉर्म डीएसओकडे. डीएसओची मंजुरी लेखी आली, सेव्हिसमध्ये चढली, की मग पोर्टलवर जाऊन कोर्स ड्रॉप कर. मधल्या दिवसांत वर्गाला जात राहा, कितीही कंटाळा आला तरी. आधी ड्रॉप आणि मग फॉर्म असं झालं तर दोन दिवसांचा फरकसुद्धा नियमभंगच ठरतो.

तीन गोष्टी त्याबरोबर येतात. निदान निम्मा अभ्यासभार ठेवावाच लागतो, तुझ्या बाबतीत सहा क्रेडिट. पुढच्या सेमला पुन्हा पूर्ण नऊ. आणि शैक्षणिक कारणाची ही सोय पदवीच्या एका पातळीला एकदाच मिळते. एम.एस.मध्ये ती आत्ता वापरलीस की संपली. तेव्हा पुढच्या सेमचे कोर्स सीनियरच्या रेझ्युमेकडे बघून घेऊ नकोस.

प्रोफेसरांना सांगणं नियमाने बहुधा लागत नाही. पण मी तुझ्या जागी असते तर ऑफिस अवरला एकदा जाऊन आले असते. कदाचित ते सांगतील की वर्गाची सरासरीच ३५ आहे आणि शेवटी ग्रेड वर सरकतात. हे आधी कळायला हवं. माझ्या रूममेटच्या वर्गाची सरासरी ३८ होती. तिला ते ड्रॉप केल्यानंतर कळलं.

---

डॉ_शर्वरी
१४ ऑक्टोबर

वैद्यकीय कारणाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. आजारपणासाठीची आरसीएल वेगळी आहे आणि जास्त उदार आहे. एका पदवीच्या पातळीवर एकूण बारा महिन्यांपर्यंत मिळू शकते, गरज असेल तर अभ्यासभार शून्यावरही आणता येतो. पत्र मात्र परवाना असलेल्या एम.डी. किंवा डी.ओ. (ऑस्टिओपॅथिक) डॉक्टरांचं अथवा परवानाधारक क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं लागतं. विद्यापीठाच्या दवाखान्यात बहुतेकदा नर्स प्रॅक्टिशनर तपासतात. त्यांच्या पत्रावर काम अडू शकतं, म्हणून आधीच डॉक्टरांची सही मागून घ्यावी. मंजुरी दर सेमिस्टरला नव्याने घ्यावी लागते.

नैराश्य, झोप पूर्ण उडणं, पॅनिक अ‍ॅटॅक, ही वैद्यकीय कारणं आहेत. मी हे मुद्दाम लिहिते. आपली मुलं टायफॉइड झाला तर सांगतात, हे सांगत नाहीत. पालकांनी फोनवर जेवलीस का एवढंच न विचारता झोप लागते का हेही विचारावं.

---

अनिरुद्ध_प
१५ ऑक्टोबर

मी २०१९ ते २०२१ तिकडे होतो. ऑनलाइन कोर्सचा नियम लिहितो, कारण त्यात फसलेले जास्त पाहिलेत.

पूर्ण अभ्यासभार मोजताना एका सेमला एकच ऑनलाइन कोर्स, म्हणजे तीन क्रेडिट, धरता येतो. नऊपैकी सहा वर्गात बसून हवेत. नवाच्या वर एखादा जादा ऑनलाइन घेतलात तर हरकत नाही. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे याला सवलत मिळाली. मग ६ जुलै २०२० ला घोषणा आली की पूर्ण ऑनलाइन शिकणाऱ्यांना देशात राहता येणार नाही. आम्ही अपार्टमेंटमध्ये पाच जण होतो, त्या रात्री कुणी जेवलं नाही. भाड्याचा करार वर्षभराचा, विमानं बंद. दोन दिवसांनी हार्वर्ड आणि एमआयटीने कोर्टात दावा लावला आणि १४ तारखेला सरकारने निर्णय मागे घेतला. आता कोविडची सवलत उरलेली नाही, २०२३ मध्येच ती संपली. तरी अजून काही सीनियर "ऑनलाइन चालतं रे" म्हणून सांगतात. ते त्यांच्या काळाचं सांगत असतात.

आता शेवटच्या सेमचा सापळा. बऱ्याच एम.एस.ना एकूण ३० क्रेडिट लागतात. नऊ-नऊ-नऊ केले की सत्तावीस झाले, चौथ्या सेमला तीनच उरतात. शेवटच्या सेमला लागतील तेवढेच क्रेडिट घ्यायची मुभा आहे, पण त्यासाठीही डीएसओकडे अर्ज करावा लागतो, आपोआप होत नाही. आणि उरलेला तो एकमेव कोर्स पूर्ण ऑनलाइन असून चालत नाही. माझ्या मित्राने सोयीचे सगळे वर्ग आधी घेतले आणि शेवटी ठेवला तो कोर्स त्या सेमला फक्त ऑनलाइनच निघाला. त्याला वर्गातला दुसरा कोर्स जोडून घ्यावा लागला, त्याची फी वेगळी.

शिवाय शेवटची सेम म्हणून अर्ज केला की आय-२०ची अंतिम तारीख त्या सेमच्या शेवटावर आणतात. ओपीटीचा अर्ज त्या तारखेच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो, त्याचा हिशोब त्याप्रमाणे बदलतो. आणि त्या एकमेव कोर्सात नापास झालात तर आय-२० संपण्याआधी मुदतवाढ मागावी लागते. सबळ शैक्षणिक किंवा वैद्यकीय कारण लागतं. प्रोबेशन किंवा सस्पेन्शनमुळे उशीर झाला, हे कारण नियमात स्पष्टपणे अमान्य आहे.

---

गोदातीर
१५ ऑक्टोबर

एक वेगळ्या प्रकारचा ड्रॉप सांगतो, ज्यात विद्यार्थी बटण दाबतच नाही. माझ्या मुलाच्या कर्जाचा हप्ता बँकेकडून नऊ दिवस उशिरा गेला. कारण एका कागदावरची सही. तोवर फी भरली नाही म्हणून विद्यापीठाच्या सिस्टिमने त्याचे तिन्ही कोर्स काढून टाकले. त्याने दर आठवड्याला पोर्टल बघायची सवय ठेवली होती म्हणून दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं, फी ऑफिस आणि डीएसओ दोघांना मेल गेली, पैसे पोचल्यावर कोर्स परत मिळाले. एका कोर्सात तोवर जागा भरली होती, दुसरा घ्यावा लागला.

पालकांना सांगणं एवढंच, की फीची अंतिम तारीख आपल्या कॅलेंडरवरही लिहा आणि बँकेत पंधरा दिवस आधी जाऊन उभे राहा.

---

चारुता_यॉर्कशर
१६ ऑक्टोबर

ब्रिटनमधून. इकडचं एम.एस्सी. एका वर्षाचं, १८० क्रेडिटचं, आणि एक क्रेडिट दहा तासांच्या अभ्यासाचं. कोर्स मध्येच ड्रॉप करणं हा प्रकार इथे फारसा नाही. पेपर राहिला तर रीसिट, म्हणजे फेरपरीक्षा, मिळते, आजारी पडलात तर मुदतवाढ. फार झालं तर शिक्षण काही काळ स्थगित करता येतं, पण विद्यापीठाने व्हिसाची स्पॉन्सरशिप काढली तर परत जावं लागतं. त्यामुळे "एक टर्म सुटी घेते" असं सहज ठरवू नये.

आमच्याकडे मुलं अडकतात ती उन्हाळ्यात. जूनमध्ये वर्ग संपतात, पदवीची मुलं घरी जातात, त्यांना पूर्णवेळ काम करता येतं. मास्टर्सवाल्यांना वाटतं आपल्यालाही सुटी. पण मास्टर्सचा उन्हाळा म्हणजे प्रबंधाचा काळ, तो टर्मच धरला जातो. आठवड्याला वीस तासांची मर्यादा कोर्सची अधिकृत तारीख संपेपर्यंत तशीच राहते. गोदामात चाळीस तासांची पाळी सहज मिळते, आणि देणारा नेहमीच विचारत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या उन्हाळी जेवणाला मी दरवर्षी हे नव्या मुलांना एकेकट्याला गाठून सांगते.

---

केतकीवन
१६ ऑक्टोबर

जर्मनीत दर सेमिस्टरला किमान क्रेडिटची अशी रेघ नाही. १२० ईसीटीएसचं (युरोपातल्या क्रेडिटचं) मास्टर्स, सेमला ३० अपेक्षित. पण राहण्याचा परवाना वाढवायला गेलं की परदेशी नागरिक कार्यालय प्रगती बघतं. दोन सेममध्ये पंधराच झाले असतील तर प्राध्यापकांचं पत्र मागतात. रेघ नाही म्हणून हिशोब नाही, असं नाही.

---

शंकरपाळी
१७ ऑक्टोबर

वाचनखूण साठवली. एक प्रश्न : नऊ पूर्ण करायला हलकाफुलका एखादा कोर्स घेतला तर चालतो का? भाची म्हणते पोहण्याचा एक क्रेडिटचा वर्ग आहे.

---

नचिकेत_मॅडिसन
१७ ऑक्टोबर

पोहायला जरूर जावं, पण पूर्णवेळाच्या आकड्यात ते धरतील असं मानू नये. कोर्स पदवीच्या दिशेने नेणारा हवा. नुसतं बसून ऐकण्यासाठी घेतलेला, म्हणजे ऑडिट केलेला, कोर्सही मोजत नाहीत. उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा घेतला तर तोही सहसा नाही.

आणि उन्हाळ्याबद्दल कुणी विचारण्याआधीच : अमेरिकेत उन्हाळ्याची सेम सुटी म्हणून घेता येते, पुढच्या सेमला परत नोंदणी करणार असाल तर. पण ज्यांची सुरुवातच उन्हाळ्यात होते त्यांना तीच सेम पूर्णवेळ करावी लागते.

---

मृण्मयी_स
१८ ऑक्टोबर

एक राहून गेलेली गोष्ट. दर्जा गेलेल्यांसाठी. आय-५३९ च्या नियमात एक वाक्य आहे : डीएसओला जो कमी अभ्यासभार मंजूर करता आला असता, त्याच्याशीच नियमभंग संबंधित असेल आणि अर्ज नाकारल्याने विद्यार्थ्यावर अत्यंत कठीण प्रसंग येणार असेल, तर दर्जा परत देता येतो. माझ्या रूममेटचा अर्ज याच वाक्यावर उभा होता. म्हणजे उशीर झाला असेल तरीही डीएसओकडे जा, त्याच आठवड्यात. पाच महिने मोजायला सुरुवात झालेली असते. या काळात काम मात्र अजिबात नको, मित्राच्या दुकानात रोखीने सुद्धा नको. त्याने अर्जाचा पायाच जातो.

रेवा, काय झालं ते कळव. इनबॉक्समध्ये लिहिलंस तरी चालेल.

---

रेवा२३
२२ ऑक्टोबर

मंगळवारी अ‍ॅडव्हायझर भेटल्या. मी मृण्मयीताईंनी सांगितल्याप्रमाणे आधीच्या कोर्सपासून सुरुवात केली. त्यांनी माझं ट्रान्सक्रिप्ट उघडलं आणि म्हणाल्या, या कोर्सला तुला कुणी घेतलं? फॉर्मवर लगेच सही केली. प्रोफेसरांनाही भेटले. वर्गाची सरासरी ५१ होती, त्यामुळे सोडण्याचा निर्णय बरोबरच होता. ते म्हणाले, संभाव्यता करून पुढच्या फॉलला (ऑगस्टच्या सेमला) परत ये.

काल डीएसओची मंजुरी आली. नवी आय-२० मिळाली. ती उघडून दोनदा वाचली, मग ड्रॉप केलं. सहा क्रेडिट आहेत. माझी कॅम्पसवरची नोकरी चालू राहील असं त्यांनी लेखी दिलं.

नचिकेतदादा, बँकेलाही मेल केली आहे, अजून उत्तर नाही.

इथे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सुटी नव्हती. लॅबमधून आल्यावर घरी व्हिडिओ कॉल केला, तेव्हा आईने पाडव्याची रांगोळी दाखवली. मी सांगितलं. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी विचारलं की संभाव्यतेचं पुस्तक इकडून पाठवू का. माझं बारावीनंतरचं जुनं पुस्तक त्यांनी ठेवलंय म्हणे.

---

खडकवासलेकर
२२ ऑक्टोबर

पाठवू द्या त्यांना. वजन जास्त झालं तरी पाठवू द्या. बँकेचं उत्तर चार दिवसांत आलं नाही तर वडिलांना शाखेत स्वतः जायला सांग, लोन ऑफिसरच्या नावाने अर्ज आणि पोच घ्यायला विसरू नका.